पकडलेला मासा सोडताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्र. सर, मुळशीला महाशीर लागला, फोटो काढून लगेच सोडला, पोहत गेलासुद्धा, पण दुसऱ्या दिवशी तिथेच कडेला मेलेला दिसला. असं कसं?

उ. "लगेच" म्हणजे किती, ते लिहिलं नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. गळाला झुंजून आलेल्या माशाला आधीच दम लागलेला असतो आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला वर काढतो, हवेत कल्ले एकमेकांना चिकटतात, श्वास बंद. 10 सेकंदांच्या वर बाहेर ठेवू नका. पण इथे मोबाइलचं लॉक उघडा, गॉगल नीट करा, "थांब रे, एक अजून" असं करत मिनिट कधी गेलं कळत नाही. फोटो काढणारा तयार झाला की मगच मासा उचला, तोवर तो जाळीत पाण्यातच राहू दे. उन्हाळ्यात पाणी तापलं की ऑक्सिजनही कमी असतो, त्यामुळे मेच्या भर दुपारी महाशीरच्या मागे लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बारीक लाइनवर अर्धा तास दमवण्यात कसली आलीय मर्दुमकी, जाड लाइन लावा.

प्र. फडक्याने धरला तर निसटत नाही, चालेल?

उ. कोरडं फडकं अजिबात नको. तो बुळबुळीत थर म्हणजे माशाचं चिलखत, तो पुसला गेला की बुरशी धरते. हात ओले करा, एक शेपटीच्या बुडाशी, एक पोटाखाली, मासा आडवा. जबड्याने लटकवायचा नाही, कल्ल्यात बोटं तर नाहीच नाही. सोडताना काही जण पुढे-मागे हलवत बसतात, तेही नको, तोंड प्रवाहाकडे करून नुसता आधार द्या, ताकद आली की शेपटी मारून तो आपणच सुटतो.

प्र. खाडीत जिताड्याने गळ पार घशात घेतला, ओढून काढू का?

उ. नको, आतडी फाटतील. तोंडाजवळ लाइन कापा आणि सोडा, साधा गळ बरेचदा गंजून जातो, स्टेनलेसचा मात्र राहतो. पुढच्या वेळी सर्कल हूक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरा, तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटाही पक्कडीने दाबून टाका, गळ झटक्यात निघतो, तुमच्या बोटातून सुद्धा!

प्र. शिंगाळा सोडवताना काटा लागला, हात ठणकतोय.

उ. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवा. पाणी किती गरम ते दुसऱ्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला नीट कळत नाही आणि भाजतं. काटा आत तुटला असेल तर डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शनही बघा.

प्र. पावसाळ्यात मरळ लागली, बाजूला लाल पिल्लांचा गोळा होता.

उ. तिथल्या तिथे, त्याच जागी सोडा. मरळीचे आईबाप पिल्लांवर पहारा देतात, गोळ्याजवळ काही हललं की धावून येतात, म्हणून तर ती लागते. हवेत श्वास घेते म्हणून दूर नेऊन फोटो काढत बसाल, तर तेवढ्या वेळात बाकीचे मासे पिल्लं साफ करतील. गोळा दिसला की तिथे गळ टाकूच नये.

प्र. मोठा मांगूर सोडला तर मित्र चिडला. सोडायला नको होता का?

उ. मित्राचं बरोबर आहे. देशी मांगूर 2 किलोच्या वर जात नाही, त्याहून मोठा म्हणजे आफ्रिकन, त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे, आणि समोर येईल ते खातो. तो परत पाण्यात नको, डोक्यावर जोरात एक फटका देऊन तिथेच संपवा.