व्हाइट सॉस पास्ता पहिल्यांदा करताना

क्रीम आणायला धावू नकोस. दोघांपुरत्या 150 ग्रॅम पेनेला (नळीच्या आकाराचा पास्ता) दीड कप दूध आणि लोणी-मैदा दीड-दीड मोठा चमचा पुरे. मैदा लोण्यात मंद आचेवर मिनिटभर परत. कच्चा वास जाऊ दे, रंग मात्र बदलू देऊ नकोस. दूध थोडं थोडं घालत ढवळत राहा. एकदम ओतलंस तर गुठळ्या झाल्याच म्हणून समज! चमच्याच्या पाठीवर बोट ओढून रेघ राहिली की सॉस तयार.

पास्ता पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं उतरव, धुऊ मात्र नकोस. त्याचं वाटीभर पाणी बाजूला ठेव; सॉस आळला की तेच घालायचं. ढोबळी मिरची, मका, गाजर मोठ्या आचेवर वेगळे परत. चीज गॅस बंद केल्यावरच. आणि हो, पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या चालतात.