जळालेल्या दाण्यांवरून हजारो वर्षांपूर्वीची शेती कशी कळते?

मूठभर काळे दाणे बघून तीन हजार वर्षांपूर्वी लोक काय पिकवत होते हे कशावरून सांगतात, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचा. पुरातत्त्व शिकलोय, उत्खननातली माती धुवायचं कामही केलंय, म्हणून लिहितो.

आपल्या हवामानात साधा दाणा कुजून जातो. चुलीपाशी सांडून, हवा कमी मिळाल्याने ज्याचा कोळसा झाला तो टिकतो. माती पाण्यात कालवली की असे दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीवर धरून सावलीत वाळवायचे. आपली काळी माती चिकट, म्हणून आधी भिजत घालावी लागते. शिवाय उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि आजचं बी खाली जातं. म्हणून न जळालेलं बी मी हिशेबात धरत नाही. शंका आली तर त्या दाण्याचंच रेडिओकार्बन वय (त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून मोजलेलं वय) काढावं. तो एकाच हंगामात तयार झालेला असतो, त्यामुळे जुन्या लाकडापेक्षा त्याची तारीख भरवशाची.

पण नुसत्या दाण्यावरून एवढंच कळतं की तो त्या घरात होता. तो तिथेच पिकला की बाहेरून आला, हे भुसा आणि तणांचं बी सांगतं. कणसाच्या दांड्याचे तुकडे मिळाले तर मळणी जवळपास झाली असावी. स्वच्छ दाणेच मिळाले तर पाखडून झालेलं धान्य साठवलं असावं. सातूच्या (जवाच्या) दाण्याचा आकारही बोलतो: सहा रांगी कणसात मधला दाणा सरळ, बाजूचे दोन किंचित पिळलेले, दोन रांगीत सगळे सरळ. मला या कामात सगळ्यात आवडतो तो हा भाग, कारण इथे शेतकऱ्याचे हात दिसतात.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव ही तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती आहे; तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सातू हे मुख्य पीक निघालं; जोडीला गहू, मसूर, कुळीथ. तिथे पाण्याचा पाटही सापडला. सातू रब्बीचा, म्हणजे पावसाळ्यानंतर पाणी लागणारा, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत.

आपल्या नाशकात मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं. माती पाण्यातून काढायची पद्धत रूढ झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे असे दाणे अजून त्या मातीतच असू शकतात. म्हणून अशा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांची माती आज भरावासाठी उचलली जाते तेव्हा फार वाईट वाटतं. तुमच्या शिवारात राखेचा थर किंवा काळे दाणे दिसले तर उकरू नका. जागेचा फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.