फिशमध्ये सिग्नल नाहीत, म्हणजे प्रोबच खराब का?

‘स्तनाच्या गाठीच्या ब्लॉकवर हर-टू फिश केलं, सिग्नलच नाहीत, प्रोब परत पाठवू का?’ असं विचारलंय. (फिश म्हणजे पेशीतल्या ठरावीक जनुकावर चमकणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, चिकटवून ठिपके मोजायची चाचणी; हर-टू हे स्तनाच्या कर्करोगात तपासलं जाणारं जनुक; ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा.) थांबा. आधी त्याच सेक्शनमधले (ब्लॉकच्या पातळ कापातले) लिम्फोसाइट, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशी, बघा. त्यातल्या बऱ्याच पेशींत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके दिसायला हवेत. तेही नाहीत आणि तोच प्रोब रक्ताच्या स्लाइडवर लखलखतोय, तर प्रोब निर्दोष आहे. पेप्सिनकडे, म्हणजे प्रोब आत शिरावा म्हणून प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमकडे, वळा.

पुण्यातल्याच एका लॅबमध्ये आलेला ब्लॉक सांगतो. दिवाळीच्या तोंडावर काढलेली गाठ, न कापता अख्खी फॉर्मलिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या) डब्यात टाकलेली, ग्रॉसिंग (गाठ कापून तुकडे घेणं) चार दिवसांनी. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, तोवर मधला भाग नासायला लागतो. भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे ३७ अंशांना २० मिनिटं पेप्सिन दिलं. कडेला नुसतं हिरवट धुकं, ठिपका नाही. मध्ये न्यूक्लियस (पेशींची केंद्रकं) मेदूवड्यासारखे पोकळ. एकाच सेक्शनमध्ये कडेला कमी पचलेलं आणि मध्ये जास्त पचलेलं, दोन्ही! तरी लॅबचा ‘प्रोबची बॅचच खराब’ हा हट्ट सुटेना.

पेप्सिनची वेळ तक्ता ठरवत नाही, डॅपी (डीएनएला निळा चमकवणारा रंग) ठरवतो. पेप्सिननंतर स्लाइड धुऊन तात्पुरता डॅपी लावा. न्यूक्लियसच्या कडा रेखीव आणि आजूबाजूला धुकं नाही, तरच प्रोब घाला. धुकं असेल तर पाच-पाच मिनिटं वाढवा. पोकळ झालं तर नवा सेक्शन कापा, पचलेलं परत येत नाही.

बाकी नेहमीचंच: ४ मायक्रॉनचा सेक्शन, २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटर प्रोब, कडा रबर सिमेंटने बंद. फट राहिली की रात्रीत प्रोब सुकतो. प्रोब रात्रभर ३७ अंशांना ठेवायचा तो इन्क्युबेटर यूपीएसवर ठेवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की ३७ अंश फक्त डायलवर राहतात. शेवटचा गरम वॉश (२×एसएससी हे मिठाचं बफर, ०.३ टक्के एनपी-४० हे डिटर्जंट) ७२ अंशांना दोन मिनिटं, पण थर्मामीटर जारच्या आत बुडवून. वॉटर बाथच्या आकड्यावर जाऊ नका. एका जारमध्ये चारपेक्षा जास्त स्लाइड कोंबल्या तर तो थंड होतो आणि पार्श्वभूमीची नको असलेली चमक धुतलीच जात नाही.

हो, किटच्या माहितीपत्रकात वेगळं तापमान असेल तर तेच पाळा. आणि हाडातली गाठ नायट्रिक आम्लात डीकॅल्सिफाय झाली (कॅल्शियम काढून मऊ केली) असेल तर वरचं सगळं फुकट, तिथे कॅल्शियम हळुवार काढणारं ईडीटीएच लागतं.

प्रोब परत पाठवण्याआधी ब्लॉक देणाऱ्यांना फोन करा: गाठ तासाभरात पाच-पाच मिलिमीटरचे काप करून बफर्ड फॉर्मलिनमध्ये गेली होती का, आणि तिथे ६ ते ७२ तासच राहिली का?