स्कीमा लावताय? आधी पान नीट बघा

स्कीमा म्हणजे वेबपानावर काय आहे, ते कोणी लिहिलंय हे सर्च इंजिनला नेमकं सांगणारा, पानाच्या कोडमधला मार्कअप. त्यासाठी साइटवर प्लगइन टाकलं, सगळे पर्याय चालू केले, आता गूगलला आपोआप कळेल असं वाटत असेल तर जरा थांबा. मीही तेच केलं होतं. एकाच लेखाला प्लगइनने एक आणि साइटच्या थीमने (तयार साच्याने) दुसरा मार्कअप चिकटवला. दोन्हींत लेखकाचं नाव वेगळं. महिनाभर माझ्या लक्षातही आलं नाही.

या मार्कअपचे शब्द ठरवणारी स्कीमा डॉट ऑर्गची शब्दसूची 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून आणली. प्रकार शेकडो आहेत, पण सुरुवातीला लेखासाठी 'आर्टिकल' आणि त्यामागे कोण आहे ते सांगायला 'पर्सन' किंवा 'ऑर्गनायझेशन' एवढं पुरे. लिहा जेसन-एलडी या कोडच्या मांडणीतच. वेगळ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये बसतं, चुकलं तर काढणंही सोपं.

तारखेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. 03/04/2025 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे यंत्राला कसं कळणार? 2025-04-03 असंच लिहायचं. 'सेमअ‍ॅज' या रकान्यात तुमच्या अधिकृत प्रोफाइलच्या लिंक द्या. एकाच नावाची दोन माणसं वेगळी ओळखायला सर्च इंजिनला त्याची मदत होते.

वाचकाला पानावर दिसत नाही ते मार्कअपमध्ये घुसडू नका. रेटिंगचे खोटे तारे लावले तर गूगल दंड म्हणून मॅन्युअल अ‍ॅक्शन घेऊ शकतं. प्रश्नोत्तरांच्या मार्कअपचा सोस तर सोडाच, 2023 मध्येच गूगलने सर्चमध्ये ती प्रश्नोत्तरं दाखवणं बहुतेक साइट्ससाठी बंद केलं. आणि स्कीमामुळे एआयला तरी पान कळेल असं म्हणाल, तर मूळ मजकूरच मोघम असेल तिथे स्कीमा काय करणार?

आता एकच पान मार्कअप तपासणाऱ्या गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये टाका. एरर आधी मिटवा, वॉर्निंगचं नंतर बघू.