सर्व्हरवर पायथन ३.६ आहे म्हणून माझी लायब्ररी बसत नाही. जुन्या आवृत्त्या कुठवर सांभाळायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आकड्यातली रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारी तुमची छोटी लायब्ररी पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांचं सार्वजनिक भांडार) आहे, तिची रीडमी म्हणजे माहितीची फाइलही मराठीत आहे, आणि एका वापरकर्त्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर पायथन ३.६ असल्यामुळे ती तिथे इन्स्टॉलच होत नाही. तर ३.६ चालू ठेवायचं का, आणि ठेवायचं तर पॅकेज कसं बांधायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ३.६ वर चालणारी एक शेवटची, धड बांधलेली आवृत्ती काढा आणि त्यानंतर ३.६ खुशाल सोडून द्या. सोडलं म्हणजे त्या माणसाला वाऱ्यावर टाकलं असं होत नाही. का ते खाली येईलच.

पहिली गोष्ट, तो माणूस आळशी आहे असं समजू नका. ३.६ चा अधिकृत आधार डिसेंबर २०२१ मध्ये संपला हे खरं, पण रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मूळचं पायथन ३.६ च आहे. रॉकी आणि अल्मा हे तिचे भाऊबंद, तिथेही तेच. आणि या सिस्टीमची देखभाल मे २०२९ पर्यंत चालणार आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवायला तिथे पगारी माणसं बसली आहेत. तुम्ही मात्र हे रात्री जेवण झाल्यावर, फुकट करताय, हा फरक विसरू नका. त्याच सिस्टीमवर ३.९, ३.११ आणि ३.१२ सुद्धा डीएनएफने (तिथलं पॅकेज बसवायचं अवजार) शेजारी टाकता येतात, मूळ ३.६ ला हात न लावता. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. तुमच्या वापरकर्त्याला पहिलं उत्तर हेच द्या, निम्मे प्रश्न इथेच मिटतात.

समजा त्याला तशी परवानगी नाही. मग बघा की अडतंय कुठे. माझा अंदाज, तुमच्या कोडमध्ये फारसं काही अडत नसणार. रकमेचे लाख-कोटी पाडायला ३.१० मध्ये आलेलं मॅच हे वाक्य लागत नाही, आणि एफ-स्ट्रिंग (मजकुरात थेट किंमत घालायची सोय) ३.६ मध्ये आहेतच. अडतं ते पॅकेजिंगमध्ये. त्या सर्व्हरवरचं पिप, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारं अवजार, ९.०.३ आहे. पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी पायप्रोजेक्ट.टॉमल ही नवी फाइल त्याला ओळखताच येत नाही, ते थेट जुन्या पद्धतीची सेटअप.पीवाय शोधतं आणि नसली की तिथेच हात टेकतं. बरं, पिप अपग्रेड केलं तरी ३.६ साठी शेवटचं पिप २१.३.१ आणि शेवटचं सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं अवजार) ५९.६.०. पायप्रोजेक्टमधला 'प्रोजेक्ट' हा (नाव, आवृत्ती वगैरेंचा) तक्ता सेटअपटूल्सला कळायला लागला ६१ पासून. तुम्ही बिल्डच्या गरजांमध्ये नुसतं 'सेटअपटूल्स' लिहिलं असेल, तर ३.६ वर ५९.६.० उतरतं, तुमचा अख्खा तक्ता न वाचता पुढे जातं आणि 'अननोन' नावाचं, ०.०.० आवृत्तीचं पॅकेज बांधून मोकळं होतं. तेही गुपचूप. पिप मग नाव जुळत नाही म्हणून ते फेकून देतं, आणि वापरकर्त्याला जो एरर दिसतो त्यावरून मूळ कारण ओळखणं महाकठीण. किमान '६१ किंवा पुढचं' असं लिहून ठेवलंत तर निदान एरर तरी सरळ येतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक भानगड संभवते, ती मराठीमुळे. सेटअप.पीवायमध्ये रीडमी वाचणारी ओळ बहुतेकांची सारखीच असते, नुसतं ओपन आणि रीड. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहिली आहेत ते, सांगितलेलं नसतं. ३.६ वर लोकेल, म्हणजे सिस्टीमची भाषेची मांडणी, 'सी' असेल (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये आणि बंदिस्त कंटेनरमध्ये सर्रास असतं) तर पायथन ती फाइल आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांची, समजतं आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला कोसळतं. ३.७ पासून 'सी' लोकेल असलं तरी यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांचं एन्कोडिंग) धरलं जातं, म्हणून नव्या आवृत्तीवर हा दोष दिसत नाही. विंडोजवर याहून गंमत. तिथलं नेहमीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, १२५२. यूटीएफ-८ मध्ये हलंताचा शेवटचा बाइट ८डी, आणि नेमकी तीच जागा १२५२ मध्ये रिकामी आहे. म्हणजे रीडमीत एखादं जोडाक्षर आलं की इन्स्टॉल मोडणार. ह्रस्व उकार, ए, ऐ, झ यांचंही तेच. एखाद्याने अशी सगळी अक्षरं टाळून रीडमी लिहिलीच, तर एररसुद्धा येणार नाही, नुसता कचरा अक्षरांत वाचला जाईल. उपाय एका शब्दाचा आहे, ओपन करताना यूटीएफ-८ सांगा. लायब्ररी चालताना शब्दांची डेटा फाइल उघडत असेल तर तिथेही सांगा. आणि त्या सर्व्हरवर निकाल छापतानाही आस्कीचीच अडचण येईल, त्यासाठी लोकेल सी.यूटीएफ-८ करायला सांगा.

यातल्या बहुतेक कटकटींवर एकच औषध: व्हील, म्हणजे आधीच बांधून तयार पॅकेज, चढवा. नुसतं एसडिस्ट, म्हणजे न बांधलेला सोर्स, चढवलं तर प्रत्येक वापरकर्त्याच्या मशीनवर बिल्ड होतं, त्याच्या जुन्या अवजारांनी. शुद्ध पायथनचं व्हील तुम्ही तुमच्या नव्याकोऱ्या मशीनवर एकदा बांधता, आणि ते पुरातन पिप ९ सुद्धा बिनबोभाट उलगडतं. सेटअपटूल्सचा संबंधच उरत नाही. सी भाषेतला भाग (सी एक्स्टेन्शन) असेल तर प्रकरण वाढतं, पण तुमच्याकडे ते नाही, तेव्हा सोडून देऊ.

आता सोडण्याचं. पॅकेजच्या माहितीत 'रिक्वायर्स-पायथन' अशी एक ओळ असते आणि सगळी मदार तिच्यावर आहे. नोव्हेंबर २०१६ मधल्या पिप ९ पासून पिप ती पाळतं. एप्रिल २०१७ मध्ये आयपायथन (पायथनचं संवादी शेल) ६.० ने पायथन २ सोडलं ते याच जोरावर: पायथन २ वाल्याने इन्स्टॉल म्हटलं की त्याला आपोआप जुनी ५.एक्स मिळायची. तुमच्याकडेही तसंच होईल. २.० मध्ये '३.१० किंवा पुढे' लिहा, ३.६ वाल्याला १.एक्स मिळत राहील. तुम्ही स्वतः काढल्याशिवाय पायपीआयवरून जुनं काही जात नाही.

ही ओळ एखाद्या रिलीजमध्ये चुकीची गेली तर मात्र पंचाईत. चढवलेल्या फाइलची माहिती मागाहून बदलता येत नाही. समजा २.० मध्ये ओळ घालायची राहून गेली आणि तुम्ही २.०.१ मध्ये घातली. ३.६ वरचं पिप २.०.१ ला वगळून इमानदारीत २.० उचलणार आणि मोडणार. म्हणून २.० 'यँक' करायला, म्हणजे मागे घेतल्याची खूण करायला हवं. यँक केलेली आवृत्ती पिप (१९.२ पासून) आपणहून घेत नाही, कोणी नेमकी तीच मागितली तरच देतं; त्या सर्व्हरवरच्या पिप ९ ला मात्र यँक कळत नाही. आणि वरची मर्यादा, '३.१४ पेक्षा कमी' वगैरे, कृपा करून घालू नका. नवं पायथन आलं की पिप मागे मागे जात मर्यादा नसलेली तुमची जुनीपुराणी आवृत्ती शोधून काढतं, आणि लोक तुम्हाला विचारतात की तीन वर्षांपूर्वीचा बग परत कसा आला.

चाचणी घेताना सोर्सवर घेऊ नका. व्हील एकदा बांधा आणि तेच प्रत्येक पायथनच्या कंटेनरमध्ये टाकून तपासा, डॉकरवर (कंटेनर चालवणारं अवजार) ३.६ ची अधिकृत इमेज अजून मिळते. सीआयच्या (आपोआप चाचण्या घेणारी व्यवस्था) मांडणीच्या यॅमल फाइलमध्ये आवृत्त्या अवतरणचिन्हांत लिहा. ३.१० तसंच लिहिलं तर यॅमल त्याला दशांश अपूर्णांक समजून ३.१ करतं, आणि ३.१ कुठून आणणार?

कुठवर सांभाळायचं याचा माझा हिशेब साधा आहे: पायथनवाले जोवर सांभाळतात तोवर. ३.९ पासून दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं मिळतात. ३.९ चीच मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. वैज्ञानिक पॅकेजांच्या मंडळींनी तर तीनच वर्षांचा दंडक घातला आहे. तो मला छोट्या लायब्ररीसाठी जरा कडक वाटतो, पण मोठ्या अवलंबित्वांचं ओझं असेल तर समजू शकतो.

तुमच्या त्या वापरकर्त्याला आज एवढं लिहा: "१.एक्सची शेवटची आवृत्ती व्हीलसकट चढवली आहे, ३.६ वर तपासली आहे. यापुढे त्यात फक्त चुकीची रक्कम छापली जात असेल तरच दुरुस्ती होईल. नवं काही हवं असेल तर सर्व्हरवर ३.११ शेजारी टाकून घ्या." आणि तो इश्यू बंद करा.