घर सजवण्याच्या कल्पना कुठे शोधाव्यात?

प्रश्न : वडिलोपार्जित घरातील दोन खोल्या नव्याने सजवायच्या आहेत. मोबाईलवरची चित्रे सगळी एकसारखीच वाटतात. नव्या कल्पना कुठे शोधाव्यात?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आधी आपलाच मुलूख डोळे भरून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात छताकडे मान वर करून पाहा. चौकोनाचौकोनांत रंगवलेली कमळे आणि फळे बहुतांशी गेरू, पिवळी माती, काजळी अशा मोजक्याच रंगांतून साकारली आहेत, आणि म्हणूनच एवढी दाटी असूनही ती डोळ्यांना कुठेही खुपत नाहीत. हीच शिस्त खोलीला लावावी : एका भिंतीला गेरूची छटा, बाकीच्या भिंतींना चुन्याचा पांढरा. कापडासाठी छत्रपती संभाजीनगरचा हिमरू पाहावा. सूत आणि रेशीम एकत्र विणलेले हे वेलबुट्टीचे कापड उशांच्या अभ्र्यांना फार शोभते. जुने कोनाडे मात्र कृपा करून बुजवू नका. लेण्यांत फ्लॅश वापरता येत नाही, तेव्हा रंगांची टिपणे वहीतच करावीत. सोमवारी अजिंठा बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे.