पाण्यात उतरा, पण मॅनेटीच्या मागे जाऊ नका

प्रश्न : मुलगा फ्लोरिडात टँपाला असतो. डिसेंबरात आम्ही जाणार आहोत. नातवाने क्रिस्टल रिव्हरला मॅनेटींबरोबर पोहायची सहल ठरवली आहे. मला पोहता येतं, मालवणला स्नॉर्कलिंगही केलंय. तिथे बिस्किटं टाकली की मासे अंगाभोवती जमतात. मॅनेटीला हात लावू देतात का? खायला काही न्यावं का? एवढ्या मोठ्या जनावराजवळ भीती नाही ना?
— एक वाचक, देवगड

उत्तर : काकू, भीती अजिबात नको. मॅनेटी म्हणजे पाण्यात राहणारा एक मोठा सस्तन प्राणी, पाणगवत खाऊन राहतो. लांबी तीनेक मीटर, वजन साडेचारशे किलोच्या आसपास, आणि स्वभाव अगदी सुशेगाद. धोका आहे तो आपल्यापासून त्याला.

मी क्रिस्टल रिव्हरला जाऊन आले आहे, म्हणून सांगते. हिवाळ्यात हे प्राणी तिथे का जमतात तेवढं समजून घ्या, मग नियम पाठ करावे लागणार नाहीत. अंगाने गलेलठ्ठ असला तरी मॅनेटीला थंडी सोसत नाही. पाणी २० अंशांखाली जाऊन तसंच राहिलं तर तो आजारी पडतो, मरतोही. हिवाळ्यात बाहेर मेक्सिकोच्या आखाताचं पाणी गार पडतं, पण इथल्या झऱ्यांचं बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. त्या उबेला ते येऊन पडतात. आपण मागे लागलो, घोळका करून घेरलं, की तो ऊब सोडून गार पाण्यात निघून जातो. आपली घटकाभराची हौस त्याच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, होडीवरून गोडं पाणीही पाजायचं नाही. तिकडे मॅनेटीला छेडणं हा गुन्हा आहे. फ्लोरिडाचा १९७८चा खास कायदा आहे, शिवाय १९७२चा देशभराचाही आहे. आणि खरं सांगू? माशांना बिस्किटं टाकणं मला मालवणातही पटत नाही. प्रवाळावर चरणारा मासा चुऱ्यामागे धावायला लागतो, हे काही बरं नव्हे.

आपल्या समुद्राची सवय असल्यामुळे २२ अंश तुम्हाला गारच लागेल. वेटसूट देतात, तो घ्याच. त्याने अंग आपोआप तरंगतं. पालथं पडून राहायचं, पाय झाडायचे नाहीत. पाय झाडले की तळाचा गाळ उठतो आणि कुणालाच काही दिसत नाही. तळाशी झोपलेला मॅनेटी आधी शेवाळलेला दगडच वाटतो. मग तो सावकाश वर येतो, नाकपुड्यांची झाकणं उघडतात, मोठा फुस्स आवाज होतो, झाकणं मिटतात आणि तो पुन्हा खाली. तो वर येताना त्याच्या वाटेत तरंगत राहू नका, बाजूला व्हा. पाठीवर एकापुढे एक पांढरे चरे दिसले तर ते बोटींच्या पंख्यांचे घाव समजा. अभ्यासक त्या वणांवरूनच एकेक प्राणी ओळखतात.

पिल्लू आईच्या बगलेत तोंड घालून दूध पितं. त्या दोघांच्या मध्ये कधीही जायचं नाही. पिल्लं चौकस असतात, एखादं आपणहून तुमच्याजवळ येईल. हात छातीशी घ्या आणि स्वस्थ राहा. काही भाग बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावून फक्त मॅनेटींसाठी राखलेला असतो. एखादा तिकडे वळला की आपण अलीकडेच थांबायचं.

तारकर्लीला डॉल्फिन बघायला जाल तेव्हाही हेच करा. होडीवाल्या दादांना सांगा, मागे लावू नका, मशीन बंद करून थांबा. आपल्याकडेही डॉल्फिनला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

नातवाला फोटो काढू दे, फक्त फ्लॅश बंद आणि सेल्फीची काठी होडीतच. पैसे भरण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारायला सांगा : गाईड स्वतः पाण्यात उतरतो का, आणि आधी नियमांचा व्हिडिओ दाखवतात का. ‘हात लावायला मिळेल’ असं कुणी म्हणालं, तर दुसरी सहल बघा.